वॉर रूममधलं सामायिक

“मॅडम, तुमची खोली रिकामी असते,” इंगवलेसाहेब दारात उभं राहून म्हणाले. आम्ही सगळे तेव्हा आतच बसलो होतो.

चंपाअक्कांनी पोथीवरून मान वर केली. “आणि आम्ही कोण? भुतं?”

“अक्का, मी न्हाई म्हणत. मशीन म्हणतंय.”

“मग मशीनला चष्मा करून द्या की.”

वर्ग हसला. इंगवलेसाहेबही हसले, पण दारातून हलले नाहीत. विद्यापीठाच्या सगळ्या जागांचा कारभार त्यांच्याकडे होता. आवाज असा, की कुस्तीच्या फडात कर्णा लागू नये. त्या दिवशी मात्र ते माझ्याजवळ येऊन हळू बोलले. “मॅडम, दिवाळीआधी निकाल लागणार. ज्या खोल्या वापरात न्हाईत त्या काढून घ्यायच्या, असं कुलगुरूसाहेबांचं म्हणणं हाय. व्यवस्थापन विभागवाल्यांनी तुमच्या खोलीवर डोळा ठेवलाय. तुम्ही भांडा जरा.”

“काय म्हणून भांडू?” मी विचारलं.

“हेच तर अवघड हाय तुमचं,” ते म्हणाले आणि गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, गुडघे दुखतात, मांडी घालून बसायचं तर भिंतीचा आधार लागतो. पण ती काळ्या काचेची खोली आठवली की अजून हसू येतं. म्हणून लिहून ठेवते आहे.

सांगली-मिरज रस्त्यावर एका कंपनीची मोठी काचेची इमारत होती. ती कंपनी नेमकं काय विकते हे आमच्या भागात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तरुण मुलं गळ्यात ओळखपत्र घालून आत जायची आणि दमून बाहेर यायची. एके दिवशी कंपनीच बंद झाली. मुलं आपापल्या टेबलावरची रोपटी कुशीत घेऊन घरी गेली आणि इमारत कबुतरांकडे राहिली. इकडे आमच्या विद्यापीठात जागा पुरेना. व्हरांड्यात वर्ग भरायचे, प्रयोगशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा प्राकृत विभाग होता. शेवटी विद्यापीठानं ती इमारत घेतली आणि एका उन्हाळ्यात निम्मे विभाग तिकडे हलवले.

भूगोलाला कंपनीची व्यायामशाळा मिळाली. तिथल्या आरशांवर त्यांनी नकाशे चिकटवले. नदी बघायला गेलं की आपलंच नाक मध्ये यायचं. गणिताला कॅन्टीन मिळालं. तिथे फळ्याशेजारी ‘आजचे खास’ ही पाटी कितीतरी दिवस तशीच होती, आणि मुलं तिच्याखाली त्या दिवसाचं प्रमेय लिहायची. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर मधोमध एक खोली मिळाली. खिडकी एकही नाही. व्हरांड्याच्या बाजूला काळपट काचेची भिंत, आणि दारावर इंग्रजी पितळी अक्षरांत लिहिलेलं – वॉर रूम.

“बाजाराशी युद्ध करायचे म्हणं इथं बसून,” बाबगोंडा अण्णांनी चौकशी करून आम्हाला सांगितलं. हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आमच्या पदविकेच्या वर्गातले. “मोठाले कागद पसरायचे आणि कुणाचा धंदा कसा खायचा ते ठरवायचे.”

ती अक्षरं काढायला गेलं तर काच तडकेल, असं सुतार म्हणाला. मग त्यांच्या खाली आम्ही कागद चिकटवला : प्राकृत विभाग. चंपाअक्का पहिल्या दिवशी ते वाचून म्हणाल्या, “महावीरांच्या लेकरांना युद्धाची खोली! असू दे गं बाई. रागाशी, गर्वाशी तरी लढू.”

चंपाअक्का शिरगुप्पे समडोळीहून एसटीनं यायच्या. सत्तरी उलटलेली, नाकात मोरणी, हातात कायम पिशवी. शाळा चौथीपर्यंतच, पण पुढे मुलांच्या पुस्तकांवर घरीच शिकल्या आणि मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. ती का घेतली, तर आमच्या पदविकेला पदवी लागते म्हणून. वर्गात पहिल्या आठवड्यात मी णमोकार मंत्रातल्या एकेका शब्दाची फोड करून सांगत होते. अक्का एकदम रडायला लागल्या. मी घाबरले. त्या म्हणाल्या, “न्हाई गं, काही झालं न्हाई. जन्मभर म्हणत आले बघ. दळताना, पोरं निजवताना, सासू गेली तेव्हा तिच्या कानात. पण हे शब्द आहेत, यांना अर्थ हाय, हे आज कळलं.”

माझ्या विभागात शिक्षक मी एकटी आणि विद्यार्थी असे. काही गृहिणी, काही निवृत्त माणसं, एक दोन तरुण मुली. विद्यापीठाचा तेव्हाचा नियम असा होता की ज्या विभागाला स्वतःची खोली नाही तो दुसऱ्या विभागात विलीन करायचा. आमची खोली गेली असती तर विभाग गेला असता आणि पदविका बंद पडली असती. अक्कांची परीक्षा मार्चमध्ये होती.

आता मशीनचं सांगते. त्या कंपनीनं काटकसरीसाठी प्रत्येक खोलीच्या छताला एक पांढरी डबी बसवली होती. खोलीत कुणी हललं की ती दिवे आणि एसी लावायची. थोडा वेळ कुणी हललं नाही की बंद करायची. खोली किती वेळ वापरात होती याचा हिशेब तळमजल्यावरच्या संगणकात आपोआप जमा व्हायचा. बाकीच्या विभागांत काही अडचण नव्हती. व्यवस्थापनाचे विद्यार्थी तर हात न हलवता एक वाक्य बोलू शकत नाहीत. पण आमचा वर्ग म्हणजे सगळे पोथीत डोकं घालून बसलेले. एका गाथेवर आम्ही अर्धा तास घालवायचो. वाचता वाचता फट्‌कन अंधार व्हायचा. मग कुणीतरी ओरडायचं, “हला रे!” आणि सगळा वर्ग डोलायचा.

त्यात चातुर्मास. मी रोज दुपारी वर्गाआधी सामायिक, म्हणजे आम्हा जैनांची ध्यानाची बैठक, करते, हे कळल्यावर विद्यार्थी म्हणाले, आम्हीही बसतो. दुपारच्या सुटीत इमारत शांत असायची. सगळे घरून एकवेळचं जेवण उरकूनच यायचे. चटया पसरायच्या, संकल्प करायचा आणि चार माळा होईपर्यंत बसायचं. साधारण दोन घटका भरतात. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, उठायचं नाही, खूण करायची नाही, आणि मनात कुणाबद्दल ना राग ना लोभ. बसलो की थोड्या वेळात दिवे जायचे. माळेचा मणी सरकणं ही त्या डबीच्या हिशेबी हालचालच नव्हती.

इंगवलेसाहेब सांगून गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्गानं कंबर कसली. चंपाअक्कांनी पहिल्या रांगेत बसून दर गाथेला चौकातल्या पोलिसासारखा हात वर करायचं काम घेतलं. त्यामुळे दिवे राहिले, पण गाथा राहीना. “बाई, मी हात वर केला की तुम्ही थांबता,” त्या वैतागून म्हणाल्या, “मला काय विचारायचं नसतंय.”

मग बाबगोंडा अण्णा घरून टेबलफॅन घेऊन आले. जाळीला लाल फीत बांधली होती. पंखा लावला की फीत फडफडायची.

“हे कशाला?” मी विचारलं.

“दिवसभर चालू ठेवू. मशीनला वाटंल कोणतरी हाय. रविवारीसुद्धा वापर दिसंल, मॅडम! व्यवस्थापनवाले तोंडात बोट घालतील.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला अण्णांचं कौतुक वाटलं, पण ते पटलं नाही.

“अण्णा, पंखा घरी न्या.”

“का हो?”

“फितीनं आपली हजेरी लावायची का?”

“मशीनलाच फसवायचंय की. माणसाला थोडंच?”

“मशीननं लिहिलेलं वाचणार माणूसच ना?”

अण्णांनी पंखा उचलला. पंख्याची वायर गुंडाळताना पुटपुटले, “एसटीत असतं तर कंडक्टरनं असा ड्रायव्हर मधेच उतरवला असता.” मला कुठला ड्रायव्हर आणि कुठला कंडक्टर ते कळलं नाही, पण रागावलेत एवढं कळलं. अक्का मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुमचं खरं हाय. पण खरं बोलून खोली राहत असंल तर तेवढं तरी बोला. तिकडं जाऊन सांगा त्या कुलगुरूला.”

मी गेले होते. एकदा नाही, दोनदा. कुलगुरू डॉ. हरकरे धातुशास्त्रातले मोठे माणूस, नागपूरकडचे. अतिशय हुशार, पण खुर्चीत टिकायचे नाहीत. आपण वाक्य सुरू करावं तर ते खिडकीशी, वाक्य संपेपर्यंत दाराशी. मी माझ्या आवाजात सांगायला लागले की ते “हो हो, बघतो, बाई” म्हणायचे आणि फोन वाजायचा. घरी आमचे हे म्हणायचे, तू बोलतेस की श्वास घेतेस हे बाजूच्या माणसालाही कळत नाही.

तो दिवस बुधवार होता. नेहमीसारखं सामायिक सुरू झालं. दोन माळा झाल्या असतील. दिवे केव्हाच गेले होते, एसीही बंद, म्हणून दार जरा किलकिलं ठेवलं होतं. चपला आतच एका क्रेटमध्ये होत्या. व्हरांड्यात चपलांचा ढीग बरा दिसत नाही, असं इंगवलेसाहेबांचंच फर्मान होतं. त्या काळ्या काचेची एक गंमत होती. आत दिवे असले की आतून बाहेरचं काही दिसायचं नाही. पण आत अंधार आणि व्हरांड्यात उजेड असला की बाहेरचं सगळं लख्ख दिसायचं, आणि बाहेरच्याला काचेत फक्त आपलं तोंड.

व्हरांड्यातले दिवे लागले. इंगवलेसाहेब आणि त्यांच्यापुढे कुलगुरू.

डोळे अर्धे मिटून बसायची आमची रीत आहे. त्या दिवशी ते अर्धे उघडे होते, असं म्हणणं जास्त खरं.

“हीच ना ती?” कुलगुरू म्हणाले आणि काचेसमोर थांबले. काचेत त्यांनी स्वतःला पाहिलं. मग खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. नंतर जवळ येऊन, ओठ फाकवून दातांत काही अडकलंय का ते पाहिलं. काचेच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, खाली बसलेल्या चंपाअक्का वर बघत होत्या. अक्कांच्या हातातली माळ थांबली.

“हीच, साहेब,” इंगवले म्हणाले. “जेवायची सुटी हाय, कुणी नसंल आत्ता.”

“सुटी असो की नसो, रिपोर्टमध्ये वापर नगण्यच आहे. बघा, आत्ताही अंधार. व्यवस्थापन विभागाला एक उद्योजक सगळी खोली सजवून देतो म्हणतोय. स्क्रीन, खुर्च्या, सगळं. आणि नाव तर आधीच आहे दारावर.”

“पण साहेब, मगदूम मॅडमना सांगणार कोण?”

“तुम्ही.”

“मी न्हाई, साहेब.”

“का? त्या काय करणार आहेत? भांडणार आहेत?”

“भांडल्या असत्या तर सांगितलं असतं.”

कुलगुरू हसले. “इंगवले, हाच तर फायदा आहे. गणितवाल्यांना कॅन्टीन दिलं तेव्हा त्यांनी माझं घर डोक्यावर घेतलं होतं. या बाई बोलणार नाहीत. बोलत नाहीत म्हणून तर हे ठरवणं सोपं आहे. आजच कुलूप लावून टाका. पाटी उद्या बदलू.”

माझी तिसरी माळ अर्धी झाली होती.

एक हात वर केला असता तर पुरे होतं. बोलायचीही गरज नव्हती. खोली उजळली असती आणि सगळे रांगेनं बसलेले दिसले असते. मला माझा उजवा हात जाणवत होता, कोपरापासून बोटापर्यंत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो आहे. मी हलले असते तर सगळे हलले असते. आणि मी हलले नाही तर कुणीही हलणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. अक्कासुद्धा नाही. मार्चच्या परीक्षेसाठी त्यांनी नवं पेन घेऊन पिशवीत ठेवलं होतं, ते मला माहीत होतं.

मी पुढचा मणी ओढला.

बाहेर इंगवले कमरेचा किल्ल्यांचा जुडगा चाचपत होते. एक किल्ली लावून पाहिली, दुसरी काढली. “साहेब, अजून एकदा त्यांच्याशी बोलून बघितलं असतं...” असं काहीतरी म्हणत होते. कुलगुरू घड्याळ बघत होते.

आणि नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेतून आवाज आला. जुन्या डिझेल इंजिनाला चढण लागावी तसा. खर्र... आणि मग लांब शिट्टी.

बाबगोंडा अण्णा भिंतीला पाठ लावून झोपले होते.

“हे काय?” कुलगुरू म्हणाले.

“एसी असंल, साहेब.”

“एसी बंद आहे ना? दिवे नाहीत तर एसी कुठला?”

“कबुतर असंल.”

“कबुतर असं?” पुन्हा खर्र. “इंगवले, आत कुणीतरी आहे.”

त्यांनी दार लोटलं आणि आत पाऊल टाकलं. फट्‌कन सगळे दिवे लागले. पांढऱ्या साड्या, टोप्या, मांडी घातलेली माणसं, हातात माळा, रांगेनं, अगदी त्यांच्या पायाशी.

“अरे बाप्पा!” कुलगुरूंनी इंगवल्यांचा दंड घट्ट धरला.

कुणी हललं नाही. अण्णा तेवढे दिव्यानं दचकले, डोळे उघडले, समोर कुलगुरू पाहिले, आणि पुन्हा डोळे मिटून माळ ओढायला लागले, जणू काही झालंच नाही.

“मगदूम बाई?” कुलगुरू म्हणाले.

मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. तिसरी माळ संपली, चौथी सुरू केली.

“बाई, तुम्ही... केव्हापासून इथे आहात?”

“साहेब,” इंगवल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजायचा प्रयत्न केला, तो बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल, “सामायिकात हायत त्या. आता बोलायच्या न्हाईत. संपेपर्यंत.”

“संपेपर्यंत म्हणजे?”

“ते मला काय ठावं?”

कुलगुरूंचं मोठं अवघड झालं. बाहेर बोललेलं सगळं आत ऐकू गेलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उगवत होतं. निघून जावं तर पळून गेल्यासारखं. थांबावं तर करायचं काय? फोन वाजला, तो त्यांनी बघून बंद केला. मग त्यांनी बूट काढले, क्रेटमध्ये नीट ठेवले, आणि दाराशी रिकाम्या चटईवर बसले. इंगवलेही शेजारी बसले. सुरुवातीला कुलगुरू पाय बदलत होते, चष्मा पुसत होते, छताकडे बघत होते. मग कशाकडेच बघेनासे झाले. हात मांडीवर ठेवले. खोलीत फक्त माळांचा बारीक आवाज उरला.

आणि पुन्हा दिवे गेले.

अंधारात कुलगुरूंचा आवाज आला. नेहमीचा नव्हता, बराच खाली आलेला.

“इंगवले. दिवे?”

“मशीनच्या मते आपण इथं न्हाई, साहेब.”

इंगवल्यांनी हात वर करायला सुरुवात केली असावी, कारण कुलगुरूंचं “राहू द्या” ऐकू आलं. तेही बसून राहिले. त्या अंधारात कधीतरी दाराच्या बाजूनं एक दबलेलं हसू आलं. कुणाचं ते मी वळून पाहिलं नाही.

चौथी माळ संपली. मी वाकून नमस्कार केला. दिवे लागले. सगळ्यांनी पाय सोडले, कुणी गुडघे चोळले. चंपाअक्कांनी माळ पिशवीत ठेवली, पदर नीट केला आणि कुलगुरूंकडे वळल्या.

“बोला आता, साहेब. मघाशी फार बोलत होता.”

कुलगुरू लाल झाले. “बाई,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मी बाहेर जे बोललो...”

“सामायिकात कानावर पडलेलं धरून ठेवायचं नसतं, साहेब,” मी म्हटलं.

“त्यांनी धरलं नसंल,” अक्का म्हणाल्या. “मी धरलंय.”

वर्गात हशा पिकला. कुलगुरूही हसले, आणि मी त्यांना असं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, “तुम्हाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कुलूप लागणार होतं. तुम्ही नुसता हात वर केला असता तरी झालं असतं. का नाही केला?”

मी माळ कपाळाला लावून खाली ठेवली.

“माळ मध्यावर होती,” मी म्हटलं.

या खेपेला वाक्य संपल्यावरही ते दाराशी गेले नाहीत.

“इंगवले, आजच्या दुपारचा या खोलीचा रिपोर्ट काय येईल?”

“रिकामी, साहेब.”

“आणि मी इथे होतो.”

“होय, साहेब. मीबी होतो.”

“मग तो रिपोर्ट फाडा. कुठलीच खोली त्याच्यावरून काढायची नाही. व्यवस्थापनवाल्यांना सांगा, जिना चढून वरच्या मजल्यावर जा, तिथे त्या कंपनीच्या मालकाची केबिन पडून आहे. आणि ही खोली प्राकृतची. तसं लेखी द्या बाईंना, आजच.”

“किल्ल्यांचं काय करू?”

“तुमच्याकडेच ठेवा. आणि आत डोकावल्याशिवाय कुठलंही कुलूप लावू नका.”

ते बूट घालायला वाकले. अक्का म्हणाल्या, “साहेब, चांगले बसलात हो. पहिल्यांदा म्हणून.” कुलगुरूंनी त्यांना वाकून नमस्कार केला. अक्कांनी “जय जिनेंद्र” म्हटलं, त्यांनीही म्हटलं, जरा अडखळत. इंगवलेसाहेब त्यांच्या मागून जाताना दारात थांबले. मान हलवून हसले आणि गेले. व्हरांड्याच्या टोकाला पोचल्यावर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीएवढा झालेला ऐकू आला.

मग खोलीत जो कल्लोळ झाला तो विचारू नका. कुणी पेढे आणायला निघालं, कुणी घरी फोन लावला. “कंगवा कसा काढला बघितलंस का?” “माझ्याच तोंडावर दात दाखवत होता!” तरुण मुली अक्कांच्या गळ्यात पडल्या. अक्का म्हणत होत्या, “सोडा गं, पेन मोडंल पिशवीतलं.”

मी चटईवरून उठले नव्हते. अक्कांच्या ते लक्षात आलं.

“बाई? काय झालं? खोली राहिली की.”

“राहिली, अक्का. पण माझं आजचं सामायिक काही झालं नाही.”

पेढ्यांना निघालेले दारातच थांबले.

“का? तुम्ही तर हललासुद्धा न्हाई,” एकजण म्हणालं.

“शरीर हललं नाही. पण ‘बोलत नाहीत म्हणून सोपं आहे’ असं ते म्हणाले ना, तिथपासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. हातानं मणी ओढत होते आणि मनात कुलगुरूंना उत्तरं देत होते. आयुष्यात कधी दिली नाहीत अशी. फार चांगली उत्तरं होती,” मी म्हटलं, आणि मलाच हसू आलं. “समभाव म्हणजे सामायिक. तो पूर्ण वेळ नव्हता. मी पुन्हा बसते. तुम्ही वर्गाची तयारी करा.”

अक्कांनी पिशवी खाली ठेवली. “मग मीबी बसते. मी तर त्या इंगवल्याला अशा शिव्या मोजल्या मनात, की माळेपेक्षा जास्त भरतील.”

“आणि मी खोली गेली तर कुठं जायचं त्याचा विचार करत होते,” एक मुलगी म्हणाली. “एक मणीसुद्धा नीट गेला नाही.”

एकेक करून सगळ्यांनी कबूल केलं. कुणाला राग आला होता, कुणाला भीती वाटली होती, एकीला तर कुलगुरूंच्या कंगव्यानं हसू दाबता दाबता घामच फुटला होता. चटया पुन्हा सरळ झाल्या. सगळे बसले. बाबगोंडा अण्णा तेवढे उभेच.

“अण्णा, बसा की,” अक्का म्हणाल्या.

“मी कशाला? माझं झालं.”

“तुमचं कसं झालं?”

“मी झोपलो होतो,” अण्णा शांतपणे म्हणाले. “राग न्हाई, लोभ न्हाई, भ्या न्हाई. कुलगुरू आला काय, गेला काय. खोली गेली काय, ऱ्हायली काय. तुमच्यात माझंच तेवढं नीट झालं.”

हसून हसून अक्कांना ठसका लागला. सामायिकात झोप लागणं हा शास्त्रात दोष सांगितला आहे. पण आमची खोली ज्याच्या घोरण्यानं राहिली, त्याला ते सांगायचं कसं? मी माळ हातात घेतली.

“अण्णा, तरी बसा,” मी म्हटलं. “आणि या वेळी जागे रहा.”

अण्णा टोपी सारखी करत भिंतीला टेकले.

“ऱ्हातो की. पण मॅडम,” ते म्हणाले, “पुन्यांदा कोण कुलूप लावायला आलं तर?”